वय ८६, बीपी १५०: आधी उभ्याने मोजा

तुम्ही विचारलंय, वडिलांचं बीपी किती असावं: वडील ८६ वर्षांचे, बसून बीपी १५०/७०च्या आसपास, दोन गोळ्या चालू. डॉक्टर म्हणतात ठीक आहे, बहीण म्हणते १२०च हवं. आणि जाता जाता तुम्ही लिहिलंय की पहाटे बाथरूमला उठताना त्यांना गरगरतं. मला विचाराल तर खरी काळजीची गोष्ट हीच आहे. या वयात खुब्याचं हाड मोडलं की माणूस पुन्हा हिंडता-फिरता होईलच असं नाही.

आमची आई नव्वदी ओलांडलेली, म्हणून मोजायची पद्धत नीट सांगते. वडिलांना पाच मिनिटं आडवं राहू द्या आणि बीपी घ्या. पट्टा दंडावर तसाच ठेवून उभं करा, एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्या. धरायला शेजारी कुणीतरी हवंच, मागे खाट असू द्या. हात लोंबता ठेवू नका, छातीच्या पातळीवर आधार द्या; खाली लोंबला की आकडा उगाच जास्त येतो आणि नेमकी घसरण लपते. वरचा आकडा २०ने किंवा खालचा १०ने उतरला तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं. आईचं झोपून १५४, उभ्याने १२६ निघालं होतं. बसून घेतलेल्या आकड्यांत याचा पत्ताच नव्हता. दुपारच्या जेवणानंतर तासाभरानेही एकदा बघा, काहींचं तेव्हाही उतरतं.

आता बहिणीचं म्हणणं. ते हवेतलं नाही. स्प्रिंट या बीपीवरच्या २०१५च्या मोठ्या अभ्यासात वरचा आकडा १२०च्या खाली आणण्याचा फायदा पंचाहत्तरीपुढच्यांनाही दिसला. पण त्यात मधुमेही, पूर्वी पक्षाघात झालेले आणि उभ्याने ११०च्या खाली जाणारे घेतलेच नव्हते. खास ऐंशीपुढच्यांवरचा हायवेट अभ्यास २००८चा: ३,८४५ माणसं, सुरुवातीला वरचं १६० किंवा जास्त, लक्ष्य १५०/८०. तेवढ्यानेही मृत्यू साधारण पाचव्या हिश्शाने घटले, हृदय निकामी होण्याचं प्रमाण तर निम्म्याहून कमी झालं. म्हणजे ‘आता या वयात कशाला गोळ्या’ म्हणणारे नातेवाईकही चूकच. वडिलांसाठी आकडा किती, हे ते किती हिंडते-फिरते आहेत आणि उभ्याने काय होतं त्यावर डॉक्टर ठरवतील.

भेटीला जाताना सगळी औषधं पिशवीत भरून न्या, बीपीचीच नव्हे. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिनसारखी गोळी असेल तर उठताना बीपी उतरू शकतं. झोपेच्या गोळीनेही तोल जातो. उलट गुडघ्यांसाठी घेतलेल्या काही वेदनाशामकांनी बीपी चढतं, आणि ती मेडिकलमधून परस्पर आणलेली असतात, त्यामुळे कुणी सांगत नाही. लघवीची गोळी असेल आणि ते गळून गेल्यासारखे, बरळल्यासारखे वाटले तर रक्तातलं सोडियम (क्षार) तपासून घ्या. जेवण घटलं असेल तर मिठाच्या पथ्याबद्दलही डॉक्टरांना विचारा. पापड-लोणचं कमी करणं ठीक, पण अळणी म्हणून ताटच परत येत असेल तर काय उपयोग!

गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका, काही गोळ्या अचानक सोडल्या की बीपी उसळतं. रात्री पलंगाशेजारी लघवीचं भांडं ठेवा, पाय खाली सोडून दोन मिनिटं बसल्याशिवाय उठू देऊ नका. आणि तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं किंवा एक हात लुळा पडला, तर बीपी मोजत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा.