आधी गोळ्या की आधी बोलणे?

प्रश्न : डॉक्टर, माझा २१ वर्षांचा मुलगा पुण्यात इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दोन महिन्यांपूर्वी तो घरी आला आणि आता परत जायचे नावच काढत नाही. पहाटेपर्यंत जागा असतो, जेवण निम्म्यावर आले आहे, कपडे सैल झाले आहेत आणि मित्रांचे फोनही तो उचलत नाही. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी सायकिअ‍ॅट्रिस्टकडे जाण्यास सांगितले आहे. माझ्या जाऊबाई मात्र म्हणतात, की तिथे गेले की गोळ्या सुरू होतात आणि त्या जन्मभर सुटत नाहीत; त्यापेक्षा सायकॉलॉजिस्टकडे न्यावे, ते बोलून बरे करतात. या दोघांत नेमका फरक काय, आणि आम्ही आधी कोणाकडे जावे?
— एक आई, सांगली

उत्तर : ताई, हा गोंधळ तुमच्या एकट्यांचा नाही. ‘मानसोपचारतज्ज्ञ’ हा एकच शब्द आपल्याकडे दोघांसाठीही सर्रास वापरला जातो. सायकिअ‍ॅट्रिस्ट, म्हणजे मनोविकारतज्ज्ञ, हा आधी एमबीबीएस झालेला डॉक्टर असतो आणि त्यानंतर त्याने बहुधा तीन वर्षांचे एमडीचे शिक्षण याच विषयात घेतलेले असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसशास्त्रात एम.ए. करून पुढे रुग्णांसोबत काम करण्याचे प्रशिक्षण घेतो. आजवर ते प्रामुख्याने दोन वर्षांच्या एम.फिल.मधून दिले गेले आहे आणि त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. सायकॉलॉजिस्टला औषधे लिहून देण्याचा अधिकार नसतो. मात्र मानसशास्त्रीय चाचण्या आणि आठवड्यामागून आठवडे चालणारी, विचारांच्या व वागण्याच्या सवयी बदलणारी शास्त्रशुद्ध मानसोपचार पद्धती हे त्याचे खास क्षेत्र असते, आणि त्याला ‘नुसते बोलणे’ म्हणणे हा त्या कौशल्यावर अन्याय आहे.

तुमच्या मुलाला आधी मनोविकारतज्ज्ञाकडेच न्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रेमभंग, परीक्षेची भीती किंवा घरातले ताणतणाव एवढाच प्रश्न असता, तर थेट सायकॉलॉजिस्टकडे जा असे मी म्हटले असते. सौम्य नैराश्यातही मानसोपचार हा अनेकदा पहिला आणि पुरेसा उपाय ठरतो. पण दोन महिने टिकलेली लक्षणे, घटलेले वजन, उलटीपालटी झालेली झोप आणि थांबलेले शिक्षण हे सारे एकत्र आले, की वैद्यकीय तपासणी टाळता येत नाही. थायरॉइडचा विकार, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा एखादे व्यसन नैराश्यासारखेच रूप घेऊन समोर येते. शिवाय हे वय असे आहे, की स्किझोफ्रेनिया (वास्तवाचे भान सुटणारा आजार) किंवा बायपोलर विकाराची (कधी खोल उदासीनता, तर कधी उन्माद म्हणजे टोकाचा अतिउत्साह) सुरुवातही याच सुमारास होऊ शकते. बायपोलर विकारातली उदासीनता वरवर साध्या नैराश्यासारखी दिसते. परंतु तिच्यावर केवळ नैराश्यविरोधी गोळी दिली, तर काही रुग्ण उन्मादाच्या टोकाला जाऊ शकतात. म्हणून घरात पूर्वी कोणाला असा आजार होता का आणि मुलाला कधी झोपेवाचूनही अतिउत्साहाचे दिवस आले होते का, हे डॉक्टरांनी विचारले नाही, तर तुम्ही आपणहून सांगावे.

जाऊबाईंची भीती पूर्णपणे निराधार नाही, पण ती चुकीच्या गोळ्यांना चिकटली आहे. झोपेच्या आणि घबराटीवरच्या काही गोळ्यांची सवय लागते, त्यामुळे त्या मोजक्या दिवसांसाठीच द्यायच्या असतात. नैराश्यावरच्या गोळ्यांचे तसे व्यसन लागत नाही. त्यांचा गुण दिसायला सहसा दोन ते चार आठवडे लागतात, पहिल्याच खेपेचे नैराश्य असेल तर बरे वाटू लागल्यावरही त्या साधारण सहा ते नऊ महिने घ्याव्या लागतात, आणि एकाएकी बंद केल्यास त्रास होतो म्हणून त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायच्या असतात. पंचविशीच्या आतल्या रुग्णांत सुरुवातीच्या आठवड्यांत क्वचित अस्वस्थता आणि आत्महत्येचे विचार वाढू शकतात, तेव्हा त्या काळात त्याच्याकडे घरच्यांचे बारीक लक्ष असू द्या.

हा विषय निघाला म्हणून आग्रहाने सांगतो. ‘जगू नये असे तुला वाटते का?’ हे त्याला आजच, शांतपणे विचारा. विचारल्याने असा विचार डोक्यात शिरत नाही; उलट कोणीतरी विचारले, याचा अनेकांना सुटकेचा श्वास मिळतो. उत्तर होकारार्थी आले, तर त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध असते आणि तिथे मराठीतही बोलता येते.

निदान झाल्यावर मानसोपचाराचे काय, हा प्रश्न तुम्हीच डॉक्टरांपुढे ठेवा. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात आम्हा डॉक्टरांना एका रुग्णाला द्यायला मोजकी मिनिटे मिळतात, आणि तेवढ्यात गोळ्या लिहून होतात, मानसोपचार होत नाही. ही आमच्या व्यवस्थेतली खरी उणीव आहे. मध्यम ते तीव्र नैराश्यात औषध आणि मानसोपचार दोन्ही सोबत दिल्यास अधिक गुण येतो. सायकॉलॉजिस्ट निवडताना नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच बाळगू नका, कारण काही आठवड्यांचा अभ्यासक्रम करूनही लोक ‘समुपदेशक’ अशी पाटी लावतात. खर्चाची अडचण असल्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग असतो.

मुलगा सज्ञान आहे, हेही ध्यानात असू द्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने त्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, त्यामुळे तो आत काय बोलला हे डॉक्टर सहसा तुम्हाला सांगणार नाहीत आणि तुम्हीही खोदून विचारू नये. त्याला नेताना ‘तुझी झोप आणि भूक बिघडली आहे, ती डॉक्टरांना दाखवू’ एवढेच म्हणा; ते खरेही आहे आणि त्याला पटण्याजोगेही. आधीचे रक्ताचे अहवाल आणि सध्या चालू असलेल्या सर्व औषधांची, आयुर्वेदिक असतील तर त्यांचीही, यादी सोबत घ्यावी.