टीम गेली, मग फॅन्सनीच नवी काढली

प्रश्न : कोरियात म्हणे फॅन्सनी काढलेला प्रोफेशनल फुटबॉल क्लब आहे, खरंय का? आणि नावात १९९५ कशाला?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : खरंय की! बुचॉन एफसी १९९५. बुचॉन म्हणजे सोल आणि इंचॉनच्या मधलं शहर. तिथे आधी बुचॉन एसके नावाची टीम होती, २००६ च्या फेब्रुवारीत मालक कंपनीने ती उचलून थेट जेजू बेटावर नेली, आणि इथले फॅन्स बसले हात चोळत. पण हर्मीस नावाचा त्यांचा ग्रुप काही गप्प बसणारा नव्हता, त्यांनी खटपट करून २००७ च्या शेवटी स्वतःचाच क्लब काढला, २००८ ला के३ लीगमध्ये म्हणजे हौशी लोकांच्यात खेळायला लागले आणि २०१३ ला प्रोफेशनल सेकंड डिव्हिजनमध्ये पोचले. १९९५ हे क्लबचं नाही, फॅन्स एकत्र आले ते वर्ष. मला हेच जाम आवडतं, टीमपेक्षा फॅन्स वयाने मोठे!

२०१६ च्या कोरियन एफए कपात तर त्यांनी वरच्या डिव्हिजनच्या बलाढ्य जॉनबुकला ३-२ ने घरी पाठवलं आणि सेमीफायनल गाठली.

पुढे जेजू युनायटेड, म्हणजे बेटावर नेलेली तीच जुनी टीम, सेकंड डिव्हिजनमध्ये घसरली आणि मे २०२० मध्ये दोघे पहिल्यांदा समोरासमोर आले, तेही बुचॉनमध्येच. एवढी वर्षं वाट बघितलेली मॅच आणि कोरोनामुळे स्टँड रिकामे! नव्वद मिनिटं ०-०, आणि इंज्युरी टाइममध्ये जेजूच्या जू मिन-ग्यूने हेडर मारला. गेली मॅच.