मुलं वहीत अल्गोरिदम बरोबर लिहितात पण कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम जमत नाही, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की आठवीची मुलं वहीत स्टेप्स छान लिहितात, फ्लोचार्ट पण काढतात, आणि लॅबमध्ये बसवलं की स्क्रीनकडे बघत बसतात. मी दर रविवारी आमच्या इथल्या वाचनालयात दहा-बारा मुलांना पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवतो, आणि पहिलं वर्षभर माझ्याकडे अगदी हेच चालू होतं. मला वाटायचं मुलांना सिंटॅक्स, म्हणजे कोड लिहायचे नियम, येत नाही म्हणून अडतंय, म्हणून मी सिंटॅक्सच घोटवून घेत राहिलो, काही उपयोग झाला नाही. नंतर लक्षात आलं की वहीतला प्लॅनच अर्धा असतो, तो आपण वाचतो तेव्हा मधल्या गाळलेल्या जागा आपलं डोकं आपोआप भरतं त्यामुळे तो बरोबर वाटतो.

उदाहरण देतो. वीजबिलाचा प्रोग्रॅम. घरगुती बिलात पहिले 100 युनिट एका दराने, 101 ते 300 त्याहून जास्त दराने, असे टप्पे असतात, आणि बिल प्रत्येकाच्या घरी येतं त्यामुळे मुलांना ते परकं वाटत नाही. खरे दर बदलत असतात म्हणून मी हिशोबाला 4 रुपये आणि 9 रुपये धरतो आणि सुरुवातीला दोनच टप्पे. जवळजवळ सगळी मुलं लिहितात, "युनिट घ्या, 100 पेक्षा जास्त असतील तर 9 ने गुणा, नाहीतर 4 ने गुणा, बिल दाखवा". वाचायला एकदम बरोबर. मी म्हटलं आता कॉम्प्युटर लावायचा नाही, वहीतच हा प्लॅन चालवा, एकदा 100 घालून आणि एकदा 101 घालून. 100 ला 400 रुपये आले आणि 101 ला 909. सातवीतली एक मुलगी ताडकन उठली, "एका युनिटला 509 रुपये कसे लागतील?" मग तिनेच दुरुस्त केलं, की पहिल्या 100 चे 400 बाजूला ठेवायचे आणि फक्त वरच्या युनिटांना 9 लावायचे, म्हणजे 101 ला 409 आणि 150 ला 850. ही चूक कोडमध्ये गेली असती तर प्रोग्रॅम कुठलाही एरर न देता चालला असता आणि चुकीचं बिल दाखवत राहिला असता. म्हणून माझ्याकडे नियम आहे, प्लॅन वहीत तीन आकडे घालून चालवल्याशिवाय कीबोर्डला हात लावायचा नाही, आणि त्यातले दोन आकडे टप्पा बदलतो तिथलेच हवेत.

व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रॅममध्ये आकडा ठेवायची नाव दिलेली जागा, समजवायला रिकाम्या काडेपेट्या वापरा. पेटीवर नाव चिकटवायचं, आत आकड्याची चिठ्ठी, नवीन चिठ्ठी टाकायची तर जुनी काढून फेकायची. गणितात शिकलेली मुलं "क्ष बरोबर क्ष अधिक 1" बघून म्हणतात असं असूच शकत नाही, आणि गणिताच्या हिशोबाने त्यांचं खरं आहे. पेटी उघडून चिठ्ठी वाचली, त्यात 1 मिळवून नवी चिठ्ठी आत ठेवली की प्रश्नच मिटतो.

आता प्लॅनवरून कोड. इथे एक गोष्ट मला फार उशिरा कळली, ती म्हणजे आपली मराठीच मुलांना मध्ये अडवते, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. आपण म्हणतो "युनिट 100 पेक्षा जास्त असतील तर", म्हणजे अट आधी आणि 'तर' शेवटी, पायथनमध्ये 'इफ' आधी. म्हणून प्लॅन लिहितानाच वाक्य 'जर' ने सुरू करायला लावा. दुसरं, आपण म्हणतो "बरोबर उत्तर येईपर्यंत विचार", पण तेच काम पुन्हा पुन्हा करायला सांगणारा पायथनचा 'व्हाईल' म्हणजे 'येईपर्यंत' नाही तर 'असेपर्यंत', म्हणजे "उत्तर चूक असेपर्यंत विचार". मुलं अट उलटी लिहितात ती यामुळेच. वहीतलं प्रत्येक 'येईपर्यंत' आधी 'असेपर्यंत' मध्ये बदलून घ्या, मग कोड लिहू द्या. आणि तिसरं, मराठीत "1 ते 10" म्हटलं की 10 आलाच, पायथनच्या 'रेंज' मध्ये 1 आणि 10 दिलं तर ते 9 वर थांबतं. पाढे छापायचा प्रोग्रॅम दिला की शेवटची ओळ गायब, मग मुलं स्वतःच शोधतात का ते.

प्लॅन मराठीतच लिहू द्या, इंग्रजीचा आग्रह धरू नका. तोच प्लॅन जसाच्या तसा एडिटरमध्ये टाईप करायचा, प्रत्येक ओळीच्या आधी हॅशचं चिन्ह, म्हणजे पायथन ती ओळ सोडून देतो. मग पहिल्या मराठी ओळीखाली तिचा कोड लिहायचा आणि लगेच रन करायचं, पुढची ओळ नंतर. सगळा प्रोग्रॅम लिहून मग रन केला की दहा चुका एकदम अंगावर येतात आणि मूल घाबरतं, एकेक ओळ चालवली की चूक कुठे आहे हे माहीतच असतं कारण ती आत्ताच लिहिलेल्या ओळीत असते.

पहिल्याच ओळीवर सगळे अडकतात ते सांगून ठेवतो. 'इनपुट' ने घेतलेलं 150 हे पायथनसाठी आकडा नसतो, अक्षरं असतात. त्याला 4 ने गुणलं तर 600 येत नाही, 150150150150 येतं. हे आधी सांगून टाकू नका, होऊ द्या. मुलं हसतात, मग विचारतात असं का, आणि तेव्हा अक्षरांचा आकडा करणारं 'इंट' सांगितलं की ते कायमचं लक्षात राहतं. आणि काही मुलांकडे घरी फक्त फोन असतो, तर फोनच्या कीबोर्डवर कधीकधी वाकडी अवतरणचिन्हं येतात, ती पायथनला चालत नाहीत, पोरं तासभर शोधत बसतात आणि कोड तर बरोबर दिसत असतो.

एरर आला की शेवटची ओळ आधी वाचायची आणि मग ओळीचा नंबर बघायचा, एवढी सवय लावा. त्या ओळीत काहीच चूक दिसली नाही तर वरच्या ओळीत कंस बंद करायचा राहिलाय का ते बघायचं.

पाचवी-सहावीची मुलं असतील तर पायथनची घाई नको, स्क्रॅच घ्या. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने 2007 मध्ये आणलं, फुकट आहे आणि ब्लॉक जोडायचे असल्याने स्पेलिंगच्या चुका होत नाहीत, त्यामुळे सगळं लक्ष प्लॅनवर राहतं.

अजून एक, आणि हे मला अजूनही जड जातं. मुलाच्या हातून माऊस घेऊ नका. वेळ कमी असतो, मागे दोघं हात वर करून उभे असतात, आणि आपल्याला ती चूक दोन सेकंदात दिसते, तरी नाही. त्याच्या वहीतल्या ओळीवर बोट ठेवा आणि विचारा, "ही ओळ कोडमध्ये कुठेय?" बहुतेक वेळा ती ओळ लिहायचीच राहिलेली असते, आणि ते त्यालाच सापडतं. लॅबमध्ये कॉम्प्युटर कमी असतील तर दोघांना एकावर बसवा, एकाने वहीतून प्लॅन वाचायचा, दुसऱ्याने टाईप करायचं, दहा मिनिटांनी अदलाबदल. वाचणाऱ्याला कीबोर्डला हात लावायची परवानगी नाही, फक्त बोलायचं.