कोंबडीचा गर्भ पडद्यावर अभ्यासताना

प्रश्न : मी सोलापुरात प्राणिशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रयोगशाळेतील गर्भाच्या काचपट्ट्या फिकट झाल्या आहेत. संगणकावरील त्रिमितीय चित्रांवर विसंबावे का?

उत्तर : अवश्य. ई-चिक अ‍ॅटलाससारख्या संग्रहातील गर्भ हव्या त्या प्रतलात छेदून पाहता येतो. काचपट्टीत ती सोय नाही. मात्र गर्भाची अवस्था ओळखताना अंडे किती तास उबवले यावर भिस्त ठेवू नका. हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन या गर्भशास्त्रज्ञांनी १९५१ मध्ये मांडलेल्या गर्भवाढीच्या ४६ अवस्था शरीररचनेवर आधारलेल्या आहेत. दहाव्या अवस्थेत कायखंडांच्या (सोमाइट, म्हणजे पाठीच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना ओळीने दिसणाऱ्या ऊतींच्या ठोकळ्यांच्या) १० जोड्या दिसतात आणि याच सुमारास हृदय स्पंदू लागते. आपल्याकडच्या मे महिन्यात तर अंडे उबवणयंत्रात जाण्यापूर्वीच वाढू लागते (सोलापूरचे ऊन कोणाला सांगायचे!), त्यामुळे कायखंडच मोजावेत.