व्यावसायिक यश मिळालं की इलेक्ट्रॉनिक म्युझिक प्रोड्यूसरचं काम बिघडतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आवडत्या प्रोड्यूसरचे (संगणकावर आणि यंत्रांवर संगीत रचणाऱ्याचे) पहिले दोन अल्बम जीव ओतून केलेले वाटतात, मग नाव होतं, पैसा येतो आणि पुढे नुसत्या पाट्या टाकणं सुरू होतं, तर हे यशामुळेच होतं का? आणि शेवटी हळूच जोडलंय की तुम्हालाही एका लेबलनं (संगीत प्रकाशित करणाऱ्या कंपनीनं) विचारलंय, म्हणून धाकधूक आहे. त्या शेवटच्या वाक्याकडे मी नंतर येते, कारण खरा प्रश्न तोच दिसतोय.

आधी सांगून टाकते, मी कुणी नामवंत नाही. नोकरी सांभाळून रात्री ट्रॅक बनवते, गेली बारा वर्षं. त्यातला एकच चालला. एका रात्री डिलेचा (प्रतिध्वनी देणाऱ्या इफेक्टचा) फीडबॅक चुकून वर राहिला आणि बेसलाइनला मागून एक शेपूट फुटलं, जे दर चार मात्रांनी थोडं बेसूर होत जायचं. मला ते आवडलं, ठेवून दिलं. दीड-दोन वर्षांनी तो ट्रॅक कुठल्याशा मोठ्या प्लेलिस्टमध्ये गेला आणि एका लेबलचा मेल आला: याच वळणाचे आणखी तीन-चार मिळतील का?

मिळतील म्हटलं. मग मी काय केलं? जुनी प्रोजेक्ट फाइल उघडली आणि 'सेव्ह अ‍ॅज' केलं. टेम्पो दोननं वाढवला, कॉर्ड बदलले, किक (ड्रमचा मुख्य ठोका) तीच ठेवली. पाच आठवड्यांत तीन ट्रॅक तयार. फीडबॅकही मुद्दाम वर नेला होता. पण ठरवून केलेली चूक चूक राहत नाही, ती सजावट होते. लेबल खूश होतं, ऐकणाऱ्यांनीही तक्रार केली नाही. कंटाळले फक्त मी.

हे सांगायचं कारण असं की 'सेव्ह अ‍ॅज'ची ही सोय आमच्याच धंद्यात इतकी हाताशी आहे. गायिकेला स्वतःचीच नक्कल करायची झाली तरी पुन्हा गावं लागतं. त्या दिवशी गळा वेगळा असतो, साथीदार वेगळे असतात, काहीतरी हलतंच. आमचं यश फाइलमध्ये जसंच्या तसं साठवलेलं असतं: तीच किक, आवाजाचा चढउतार आवरणारा तोच कॉम्प्रेसर, त्याच आकड्यावर. स्वतःची री ओढायला इथे मेहनतच पडत नाही.

तरीही तुमच्या निरीक्षणातला बराच भाग यशाच्या खात्यावर टाकू नका. पहिला अल्बम चांगला असतो याचं एक साधं कारण म्हणजे साठा. ब्रिटिश प्रोड्यूसर अ‍ॅफेक्स ट्विनच्या १९९२ मधल्या अल्बमचं नावच पाहा: 'सिलेक्टेड अ‍ॅम्बियंट वर्क्स ८५-९२'. सात वर्षांच्या कामातून निवडलेलं. दुसऱ्या-तिसऱ्या अल्बमला कुणालाच सात वर्षं मिळत नाहीत, दीड-दोन मिळतात. शिवाय ज्यांचे पहिले अल्बमच सुमार होते त्यांची नावं तुमच्यापर्यंत पोचलीच नाहीत. पहिलं काम अफाट म्हणूनच ज्यांची निवड झाली, त्यांचं पुढचं काम थोडं तरी खाली येणारच.

हे वजा केल्यावर जे उरतं त्याचा दोष मी पैशाला देत नाही. आमच्या क्षेत्रात पैसा कुठल्या कामाचा मिळतो, तिथे गोची आहे. रेकॉर्डमधून फारसं हाती लागत नाही, स्ट्रीमिंगमधून तर त्याहून कमी. खरी बिदागी आहे ती गिगची, म्हणजे प्रत्यक्ष कार्यक्रमांची. म्हणजे ट्रॅक चालला की बक्षीस म्हणून तुम्हाला वेगळीच नोकरी मिळते: विमानतळ, हॉटेल, मध्यरात्रीनंतर दोन तासांचा सेट, पुन्हा विमानतळ. आणि ट्रॅक कसे बनतात? पॅच (सिंथेसायझरमधले साठवलेले आवाज) चाळत, नॉब फिरवत, निरर्थक वाटणाऱ्या चार तासांत. आमच्याकडे आधी चाल आणि मग आवाज असं नसतं, आवाज शोधणं हीच रचना असते. ते चार तास गेले की उरतो तो साचा. मोठ्या नावांसाठी पडद्यामागे ट्रॅक बनवून देणाऱ्या घोस्ट प्रोड्यूसरांचा धंदा याच पोकळीत उभा राहिला. लोक त्याला फसवणूक म्हणतात. मला त्यात आधी वेळेचा हिशोब दिसतो.

स्वीडिश डीजे-प्रोड्यूसर अविचीचं उदाहरण द्यायला जड जातं, पण टाळता येत नाही. त्याचं 'लेव्हल्स' हे गाणं २०११ मध्ये आलं तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. सगळ्या कारकिर्दीत त्यानं सुमारे ८०० कार्यक्रम केले, तब्येत ढासळली, आणि २०१६ मध्ये त्यानं दौरे थांबवले. २०१८ मध्ये तो गेला, वय अवघं २८. पण यशामुळे त्याच्या कल्पना आटल्या होत्या असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. २०१३ मध्ये मायामीच्या अल्ट्रा महोत्सवात, जिथे लोक ड्रॉपची (ताल जोरात कोसळतो त्या क्षणाची) वाट पाहत उभे असतात, तिथे त्यानं गिटार-बँजो घेतलेले वादक मंचावर आणले. गर्दी गोंधळली, नाराजही झाली. त्याच वर्षी 'वेक मी अप' जगभर वाजलं. यशाच्या ऐन भरात जोखीम घेण्याची ताकद त्याच्यात होती. यशानं नेलं ते शरीर आणि दिवस.

आता उलटं उदाहरण. जर्मन गट क्राफ्टवर्कचं 'ऑटोबान' १९७४ मध्ये आलं. बावीस मिनिटांहून लांब शीर्षक-रचना, ती कापून तीन-साडेतीन मिनिटांची केली आणि ती थेट अमेरिकेच्या टॉप ४० मध्ये गेली. रेडिओसाठी कापलेला तुकडा चालला, म्हणजे तुमच्या भीतीप्रमाणे इथून उतरण लागायला हवी होती. झालं काय? ते पैसे आणि ती मोकळीक ड्यूसेलडॉर्फमधल्या त्यांच्या स्वतःच्या क्लिंग क्लांग स्टुडिओच्या कामी आली, आणि मग 'ट्रान्स-युरोप एक्सप्रेस' (१९७७), 'द मॅन-मशीन' (१९७८), 'कॉम्प्युटर वर्ल्ड' (१९८१). आज टेक्नो आणि हिप-हॉपवाले ज्या क्राफ्टवर्कला गुरू मानतात ते क्राफ्टवर्क यशानंतरचं आहे. अर्थात सवडही बाधते. १९८६ च्या 'इलेक्ट्रिक कॅफे'नंतर पूर्णपणे नवा अल्बम यायला २००३ उजाडलं. स्वतःचा स्टुडिओ, कुणाचा तगादा नाही, त्यात सायकलिंगचं वेड. घाई नसलेला माणूस एकच गोष्ट वर्षानुवर्षं घासत बसू शकतो, हेही त्यांनी दाखवलं.

फ्रेंच जोडगोळी डाफ्ट पंकची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे आणि मला फार आवडते. पहिला अल्बम घरात केलेला, म्हणून नावही 'होमवर्क' (१९९७). मोठ्या लेबलशी करार करतानाच त्यांनी संगीतावरचा ताबा स्वतःकडे ठेवला होता. 'डिस्कव्हरी'ला (२००१) भरपूर वेळ घेतला. मग २००५ चा 'ह्यूमन आफ्टर ऑल' मात्र जेमतेम सहा आठवड्यांत उरकला, समीक्षकांनी नाकं मुरडली. मजा अशी की त्यांच्यावर घाईची सक्ती कुणाचीच नव्हती, झटपट करायचं त्यांनीच ठरवलं होतं. आणि पुढच्या दोन वर्षांच्या दौऱ्यांत तीच गाणी जुन्या गाण्यांत मिसळून वाजवली तर लोक वेडे झाले. म्हणजे काम बिघडलं होतं की अर्धवट होतं? मला अजून ठरवता आलेलं नाही. नंतर कित्येक वर्षं घेऊन, स्टुडिओत खरे वादक बसवून त्यांनी 'रँडम अ‍ॅक्सेस मेमरीज' (२०१३) केला. असा खर्च श्रीमंत प्रोड्यूसरच करू शकतो. त्याला २०१४ मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं.

अमेरिकन प्रोड्यूसर मोबीच्या 'प्ले' अल्बमबद्दल (१९९९) लोक तावातावानं बोलतात, कारण त्यातले सगळेच्या सगळे १८ ट्रॅक जाहिराती, चित्रपट वगैरेंना परवान्यावर दिले गेले. पण सुरुवातीला त्या अल्बमला कुणी विचारत नव्हतं. रेडिओ वाजवत नव्हता, म्हणून हा मार्ग धरला गेला आणि पुढे एक कोटीच्या वर प्रती खपल्या. जाहिरातीत वाजल्यानं तो अल्बम बिघडला असं मला वाटत नाही, तो तर आधीच बनून तयार होता. बिघाड शोधायचाच तर २००२ च्या '१८'मध्ये शोधावा. मला तो 'प्ले'चं 'सेव्ह अ‍ॅज' वाटतो. मत माझं, तुम्ही ऐकून बघा.

काहींनी मात्र ती गिगची दुसरी नोकरीच नाकारली. ब्रिटिश प्रोड्यूसर बरिअल मंचावर येतच नाही. 'अनट्रू' (२००७) ब्रिटनच्या मर्क्युरी संगीत पुरस्काराच्या यादीत गेला, वृत्तपत्रं त्याचं खरं नाव शोधत फिरली, आणि तो मात्र छोट्या-छोट्या ईपी (अल्बमहून लहान, मोजक्या ट्रॅकचे संच) काढत राहिला. अ‍ॅफेक्स ट्विननं २००१ च्या 'ड्रक्स'नंतर त्या नावानं पुढचा अल्बम १३ वर्षांनी काढला. तो संपला असं लोक म्हणू लागले होते. २०१५ मध्ये त्यानं साउंडक्लाउडवर साठ्यातले दोनशेहून अधिक ट्रॅक फुकट ओतले, तेव्हा कळलं की काम चालूच होतं, बाजारात आणणं थांबलं होतं. याच गृहस्थानं दुसऱ्यांसाठी केलेल्या रिमिक्सच्या संग्रहाला '२६ मिक्सेस फॉर कॅश' असं नाव दिलं होतं (२००३). पैशासाठी केलेलं काम कुठलं हे एवढं स्पष्ट लिहिणारा माणूस सहसा बिघडत नाही.

आणि अपयशानं काही बिघडत नाही असं समजू नका. स्ट्रीमिंगमध्ये ३० सेकंद ऐकलं तरच ऐकलं असं मोजतात, त्यामुळे संथ सुरुवातीचा ट्रॅक करताना हात आपोआप आखडतो. ही कात्री नावाजलेल्यापेक्षा अनोळखी माणसाच्या मानेवर जास्त असते. त्यात २०२४ पासून स्पॉटिफाय वर्षाला १००० पेक्षा कमी वेळा ऐकलेल्या ट्रॅकवर काहीच देत नाही. यशानं बिघडलेले लोक आपल्याला दिसतात, कारण ते दिसण्याच्या जागी उभे असतात. पैशाअभावी सिंथ विकून मोकळे झालेले कुणाला दिसतात? मला दिसतात, त्यातला एक सिंथ माझ्याच टेबलावर आहे.

(अवांतर: रोलँड कंपनीचं टीबी-३०३ हे बेस वाजवणारं यंत्र १९८१ मध्ये बाजारात आलं आणि तीन वर्षांत बंद पडलं. बास गिटारवाल्याची जागा घेणार होतं, कुणी घेतलं नाही. मग जुन्या बाजारात ते मातीमोल झालं, शिकागोतल्या पोरांच्या हाती लागलं, त्यांनी नॉब नको तिथे फिरवले आणि त्यातून अ‍ॅसिड हाउस हा नाचाच्या संगीताचा प्रकार जन्मला. ते यंत्र धो-धो खपलं असतं तर त्या पोरांना परवडलंच नसतं.)

आता तुमचं लेबल. घाबरून नाही म्हणू नका. करार वाचा, आणि तो कशाचे पैसे देतोय ते बघा. वर्षाला इतके ट्रॅक द्यायचे असं कलम असेल तर स्वतःला विचारा, गेल्या वर्षी तुमचे मनासारखे किती झाले होते? आकडा त्याच्या वर असेल तर कमी करून मागा. मास्टर (मूळ रेकॉर्डिंगचे हक्क) कायमचे देताय की ठरावीक वर्षांसाठी परवान्यावर, हे लेखी घ्या. ब्रिटिश प्रोड्यूसर फोर टेटनं २००१ साली डॉमिनो लेबलशी करार केला तेव्हा स्ट्रीमिंगचा कुणी विचारही केला नव्हता. पुढे स्ट्रीमिंगच्या कमाईत त्याचा वाटा १८ टक्के की ५० टक्के यावरून वाद कोर्टात गेला, मध्येच लेबलनं त्याचे अल्बम स्ट्रीमिंगवरून काढून टाकले, आणि २०२२ मध्ये ५० टक्क्यांवर तडजोड झाली. 'पुढे निघणाऱ्या सर्व माध्यमांसाठी' अशा अर्थाची ओळ दिसली तर तिथे थांबून दोनदा वाचा. नोकरी असेल तर इतक्यात सोडू नका. पगार चालू असला की लेबलला 'हा ट्रॅक अजून झालेला नाही' असं म्हणता येतं. मला तेव्हा ते म्हणता आलं असतं, मी म्हटलं नाही, यात लेबलचा काही दोष नव्हता.

माझ्या त्या चाललेल्या ट्रॅकची फाइल आता उघडत नाही. मागच्या वर्षी संगणक बदलला आणि त्यातलं डिलेचं जुनं प्लगइन नव्या सिस्टिमवर चालत नाही. दोन दिवस चुटपुट लागली. मग रिकामी फाइल उघडली, गेल्या चार महिन्यांत तिच्यात एकच बरा आवाज सापडलाय, आणि तो अजून कशातच बसत नाहीये.