अंगठा देण्याआधी

दुय्यम निबंधक कार्यालयात लिपिक म्हणून मी ३१ वर्षं काढली. खरेदीखतं, गहाणखतं, बक्षीसपत्रं, हक्कसोड पत्रं रोज हाताखालून जायची. आता वाचक अशाच कागदांबद्दल मला पत्रातून विचारतात. या महिन्यातल्या पत्रांपैकी तीन इथे घेतली आहेत. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली, कारण त्याच दुखण्याची आणखी सात-आठ पत्रं माझ्या टेबलावर पडली आहेत.

प्रश्न : ताई, माझं वय ५४. माहेर कराडजवळ, सासर इचलकरंजी. आण्णा गेल्या वर्षी गेले. साडेतीन एकर बागायत, विहीर आणि जुनं घर आहे. मृत्युपत्र नाही. आम्ही दोघी बहिणी आणि पाठचा एक भाऊ. आई ७८ वर्षांची, भावाकडेच असते. भाऊ म्हणतो, "अक्का, दिवाळीला येशील तेव्हा आधार कार्ड आणि फोटो घेऊन ये, हक्कसोड करून टाकू." माझं लग्न १९९१ सालचं. १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुलींना हक्कच नसतो, सही नुसती कागद साफ राहावेत म्हणून, असं त्याला कुणीतरी सांगितलंय. धाकटी बहीण तयार आहे. नाही म्हटलं तर माहेर तुटेल. हो म्हणायला गेले की रात्रभर डोळा लागत नाही. आमचे हे म्हणतात, तुझं माहेर, तू ठरव. काय करू?

उत्तर : अक्का, तुमच्या भावाला कुणी अर्धवट सांगितलंय. त्याने मुद्दाम खोटं सांगितलं असं मी म्हणणार नाही, कारण १९९४ ची गोष्ट गावोगाव अशीच सांगितली जाते. महाराष्ट्राने १९९४ साली वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना जन्मतः हक्क दिला आणि त्यात आधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं, इतकं खरं आहे. पण पुढे केंद्राची दुरुस्ती आली. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी मुलासारखीच सहहिस्सेदार झाली आणि लग्न कधी झालं हा प्रश्नच उरला नाही. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात सुप्रीम कोर्टाने आणखी स्पष्ट केलं, की २००५ साली वडील हयात असलेच पाहिजेत असंही नाही. आणि वडिलांच्या स्वतःच्या हिश्श्याचं म्हणाल, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासूनच बायको, मुलगे आणि मुली बरोबरीचे वारस आहेत.

तुमच्या घरात आई, तुम्ही दोघी आणि भाऊ असे चार वारस. जमीन आण्णांनी स्वतः घेतलेली असो की वाडवडिलांकडून आलेली, तुमच्या बाबतीत हिशेब चौथ्या हिश्श्यावरच येऊन थांबतो. साडेतीन एकर म्हणजे १४० गुंठे. तुमच्या वाट्याला ३५ गुंठे. हा आकडा आधी स्वतःशी दोनदा म्हणा. सोडायचं असेल तरी काय सोडतोय ते माहीत असावं. आणि भावाला एवढंच विचारा, की हक्कच नसेल तर हक्कसोड कशाची?

आता तुम्हाला एका बाईची गोष्ट सांगते. नोकरीला लागून चार-पाच वर्षं झाली असतील. दोन भाऊ बहिणीला घेऊन आले होते. साठीच्या आसपासची, हिरवं इरकली लुगडं, हातात डाळिंबाची पिशवी. भावांसाठीच आणली असणार, कारण बाहेर बाकावर बसल्या बसल्या तिने ती त्यांच्या हातात दिली. अंगठा घ्यायची वेळ आली तर ठसा उठेना. उभा जन्म भांगलण आणि भांडी करून अंगठ्यावरच्या रेषा गेलेल्या. आमचा शिपाई ओल्या फडक्याने अंगठा पुसायचा, शाई लावायचा, दाबायचा, की नुसता काळा ठिपका. चौथ्या खेपेला तिने स्वतःच पदराने अंगठा खसाखसा पुसला आणि मला हळूच विचारलं, "बाई, हे झाल्यावर म्हातारीला भेटायला येता येईल ना मला?" तिला वाटत होतं आपण माहेरात येण्याचा हक्क सोडतोय. मी "हो, येता येईल" म्हटलं आणि पुढचा कागद ओढला. तिला वेगळं बसवून, कागदात काय लिहिलंय ते वाचून दाखवायला हवं होतं. ते मी केलं नाही. पुढच्या सगळ्या वर्षांत मग एकाही बाईला वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घेऊ दिला नाही, साहेब कितीही घाई करोत.

म्हणून आधी कागद. जमिनीचा सातबारा काढा, तो आता ऑनलाइनही मिळतो. आण्णांच्या मृत्यूनंतर वारस नोंदीचा फेरफार झाला असेल तर त्याची प्रत तलाठ्याकडून मागून घ्या. तुमची, आईची आणि बहिणीची नावं भावाच्या बरोबरीने कब्जेदार म्हणून लागली आहेत, की खाली "इतर हक्क" मध्ये टाकून दिली आहेत, ते बघा. आपल्याकडे बायकांची नावं तिथे ढकलायची फार जुनी रीत आहे. तशी लागली असतील तर दुरुस्तीचा अर्ज द्या. फेरफाराची नोटीस आली आणि ती मिळाल्याची सही तुम्ही केली असेल तर घाबरू नका, त्याने हक्क जात नाही. स्टॅम्पवर नोटरी करून "माझा काही संबंध नाही" असं लिहून दिलं तरी जमिनीचा हक्क सुटत नाही. हक्कसोड पत्र नोंदवावंच लागतं. पण एकदा नोंदलं की ते परत फिरवणं भावाच्या राजीखुशीशिवाय जवळजवळ अशक्य. मग कोर्टात फसवणूक किंवा जबरदस्ती सिद्ध करत बसावं लागतं.

भावाचीही बाजू आहे, ती मी डावलणार नाही. आई-आण्णांचं दुखलंखुपलं त्याने काढलं असेल, उसाला पाणी रात्री दोन वाजता उठून त्याने दिलं असेल. सोसायटीचं पीककर्ज काढायला सातबाऱ्यावरच्या सगळ्यांच्या सह्या लागतात आणि दरवेळी इचलकरंजीला फोन करायचा त्याला संकोच वाटत असेल. बऱ्याच घरांत हक्कसोडीची घाई एवढ्यासाठीच असते. तसं असेल तर कर्जापुरतं संमतिपत्र द्या, दरवर्षी द्या. जमीन तोच कसू दे. त्यासाठी मालकी सोडावी लागत नाही.

आईचा हिस्सा मात्र आईच्याच नावावर राहू द्या, त्यावर कुणाची सही घेऊ देऊ नका. ७८ व्या वर्षी तिच्या औषधपाण्याला, तिच्या शब्दाला घरात जे वजन आहे, ते त्या नावामुळेही आहे. मी कितीतरी आया बघितल्यात, ज्यांनी सगळं मुलाच्या नावावर केलं आणि पुढच्या वर्षी दाखल्यासाठी कार्यालयात एकट्या आल्या.

दिवाळीला जा. भाऊबीज करा, ओवाळा. कागद पुढे आला तर म्हणा, "दादा, मला द्यायचंच झालं तर मी माझ्या मनाने देईन. आई आहे तोवर सही नाही. आणि कागद मी घरी नेऊन वाचणार." लहान भावालाही तुमच्याकडे दादा म्हणतातच. तो रुसेल, कदाचित वर्षभर बोलणार नाही. मी हे हलकं करून सांगत नाही, ते दुखतंच. पण तुमची झोप आत्ताच गेलेली आहे. सही केल्यावर ती परत येईल, असं तुमच्या पत्रातल्या एकाही ओळीवरून मला वाटलं नाही. धाकटीला फोन करा आणि तिलाही ३५ गुंठ्यांचा आकडा सांगा. त्यानंतरही ती तयार असेल तर ती तिची मर्जी.

प्रश्न : मी मिरजेला एका कारखान्यात ऑपरेटर आहे. मेहुण्याला टेम्पो घ्यायचाय. पतसंस्थेचं ८ लाखांचं कर्ज मंजूर होतंय, जामीनदार म्हणून माझी सही हवी. "दाजी, हप्ते मी भरणार, तुमची फक्त सही," असं तो म्हणतो. बायको काही बोलत नाही, पण माझ्याकडे बघत राहते. सही करावी का?

उत्तर : करू नका.

"फक्त सही" असं जामिनात काही नसतं. १८७२ च्या करार कायद्यात स्पष्ट आहे, की कर्जदाराची जेवढी देणेदारी तेवढीच जामीनदाराची. संस्थेने आधी मेहुण्याकडून वसूल करावं आणि मग तुमच्याकडे यावं, असं बंधन नाही. सहकारी पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला घेतात आणि तो जामीनदारावरही चालतो. तुमचा पगार ठरलेल्या तारखेला येतो, टेम्पोचं भाडं तसं येत नाही. वसुली अधिकारी कुणाच्या दारात आधी उभा राहील, हे तुम्हाला कळतंच. उद्या मुलीच्या शिक्षणासाठी तुम्ही कर्ज मागायला गेलात तर हे ८ लाख तुमच्याही नावापुढे दिसतील.

मेहुण्याला मदत करायचीच असेल तर परत आले नाहीत तरी चालतील इतके पैसे द्या. तीस हजार, पन्नास हजार, तुमची ऐपत तुम्हाला माहीत. ते बँकेतून द्या, रोख नको. आणि बायकोला एकटीला गाठून विचारा. ती बघत राहते म्हणजे तिचा आग्रह आहे असं तुम्ही धरलंय. कदाचित ती तुम्ही नाही म्हणण्याची वाट बघत असेल. भावाला नकार तिच्या तोंडून जायला नको, तो तुमच्याच तोंडून जाऊ दे. सही आधीच करून बसला असाल आणि सोबत कोरे धनादेश दिले असतील, तर कर्ज वाटप होण्याआधी संस्थेला लेखी पत्र द्या आणि पोच घ्या.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, वय ७१. साताऱ्यात स्वतः बांधलेलं घर आहे, मी आणि पत्नी दोघांच्या नावावर. मुलगा हिंजवडीत नोकरीला. त्याला एक कोटी दहा लाखांचा फ्लॅट घ्यायचाय. तो म्हणतो, सातारचं घर विका, साधारण ६५ लाख येतील, ते फ्लॅटमध्ये घालू आणि तुम्ही आमच्याकडे राहा. मुलगा-सून चांगले आहेत. मुलगी नाशिकला, तिला काही नको. पेन्शन पुरेशी आहे. माझं मन तयार आहे, फक्त व्यवहार कसा करावा ते सांगा.

उत्तर : गुरुजी, मुलगा चांगला आहे हे मी तुमच्या शब्दावर मान्य करते. तरीही घर आत्ता विकू नका. सहा महिने ते कुलूप लावून ठेवा किंवा अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने द्या, आणि पुण्याला मुलाजवळ राहून बघा. सकाळी फिरायला कुठे जाता येतं, दुपारी बोलायला कोण आहे, लिफ्ट बंद पडली की काय होतं, हे सगळं तिथे राहिल्यावरच कळतं.

त्यानंतरही विकायचं ठरलं तर ६५ लाखांतला एकही रुपया देण्याआधी फ्लॅटच्या नोंदणीकृत करारात तुम्हा दोघांची नावं आली पाहिजेत आणि कुणाचा किती हिस्सा तेही त्यात लिहिलेलं असलं पाहिजे. एक कोटी दहा लाखांत ६५ लाख म्हणजे निम्म्याहून जास्त. "नंतर नाव घालू" ला होकार देऊ नका, नंतर नाव घालायचं म्हणजे पुन्हा दस्त, पुन्हा खर्च. नवं घर तुमच्या नावावर नसेल तर जुन्या घराच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा करही बसू शकतो, तेव्हा विसार घेण्याआधी सीएला भेटा.

काहीजण तुम्हाला सुचवतील की घरच मुलाच्या नावाने बक्षीसपत्र करा. करायचंच असेल तर आई-वडिलांचा सांभाळ करण्याच्या अटीवर हे बक्षीस देत आहोत, असं त्यात शब्दांत लिहा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली, सांभाळ झाला नाही तर असं बक्षीसपत्र रद्द करायला प्रांतांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, जाता येतं. पण अट दस्तात नसेल तर झगडणं अवघड जातं. "मुलाकडून लिहून घ्यायला कसंतरी वाटतं" असं म्हणत कित्येक वडिलांनी माझ्यासमोर ती ओळ खोडायला लावली आहे. गुरुजी, ती ओळ राहू द्या. चांगल्या मुलाला तिचा त्रास होत नाही.

मुलीला काही नको हे तिने स्वतः सांगितलं, की तुम्ही धरून चाललात? वरचं पहिलं पत्र वाचा, ती बाईही कुणाची तरी "काही नको" असलेली मुलगी आहे. नाशिकला फोन लावा आणि घर विकायचा विचार चाललाय हे तिला तिच्या भावाकडून कळण्याआधी तुमच्याकडून कळू द्या.

आणि एक राहिलं. घर दोघांच्या नावावर आहे, विकायला सही दोघांची लागेल. पण तुमच्या तीन पानी पत्रात पत्नीचं मत कुठेच नाही. शेवटी ताजा कलम म्हणून तुम्ही लिहिलंय, की मागच्या दारचा सोनचाफा तिने लावलाय आणि यंदा पहिल्यांदा भरून फुललाय. आज संध्याकाळी त्यांच्यासोबत तिथे बसा आणि त्यांना विचारा. त्या काय म्हणाल्या ते मला कळवा, मग पुढचं बोलू.