सोडियमचा वर्णपट संगणकावर तयार करण्यासाठी कोणते मोफत साधन वापरावे?

आपल्या प्रश्नाचे दोन भाग आहेत: पदवीच्या प्रकल्पासाठी कोणते साधन घ्यावे, आणि सोडियमच्या डी-१ व डी-२ या दोन पिवळ्या रेषांपैकी संगणकावर डी-२ ही डी-१ च्या दुप्पट तेजस्वी येत असताना प्रयोगशाळेत दोन्ही जवळजवळ सारख्या का दिसतात. मी नाशिकमध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिके घेतो आणि हा दुसरा प्रश्न आमच्याकडे दरवर्षी कोणीतरी विचारतोच.

साधन म्हणून अमेरिकेच्या निस्ट या संस्थेचा अणुवर्णपटांचा माहितीसंग्रह पुरेसा आहे. त्यातील लिब्स (लेझरने तापवलेल्या वायूचा वर्णपट) विभागात मूलद्रव्य, इलेक्ट्रॉनांचे तापमान, त्यांची घनता आणि विभेदनक्षमता (जवळच्या रेषा वेगळ्या दाखवण्याची क्षमता) भरली की ब्राउझरमध्येच आलेख मिळतो. त्यामागे मेघनाद साहा यांचे १९२० चे आयनीभवनाचे समीकरण (किती अणूंनी इलेक्ट्रॉन गमावला आहे) आणि बोल्ट्झमनचे वितरण (किती अणू कोणत्या ऊर्जापातळीवर आहेत) काम करत असते. सोडियमच्या रेषा ५८९.० (डी-२) आणि ५८९.६ (डी-१) नॅनोमीटरवर आहेत, म्हणून विभेदनक्षमता ५०० ठेवल्यास त्यांचा एकच उंचवटा दिसेल. ती निदान ५००० ठेवावी. ग्रास्प किंवा फॅक या अणुगणिताच्या प्रोग्रॅमांच्या वाटेला सध्या जाऊ नये, कारण ते ऊर्जापातळ्या मुळापासून गणतात आणि सोडियमसारख्या अणूसाठी मोजलेल्या तरंगलांबी अधिक विश्वासार्ह असतात.

आता तीव्रतेविषयी. रेषांची जागा मोजमापातून आलेली असते, उंची मात्र गृहीतकांतून येते, आणि माझ्या मते प्रकल्पात खरे काम या उंचीवरच आहे. २:१ हे गुणोत्तर तेव्हाच मिळते, जेव्हा बाहेर पडणारा प्रकाश वाटेत शोषला जात नाही. दिव्यातील सोडियमची वाफ मात्र स्वतःचाच प्रकाश शोषते. डी-२ ही प्रबळ रेषा असल्याने तिचे शोषणही जास्त होते आणि दोन्ही रेषा एकमेकींच्या जवळ येतात. (रस्त्यावरच्या जुन्या पिवळ्या उच्चदाब दिव्यांत तर हे शोषण इतके वाढते की ५८९ च्या मध्यभागी काळी खाच पडते.) म्हणजे सॉफ्टवेअर चुकलेले नाही, आपण त्याला वेगळ्याच दिव्याचे वर्णन दिले आहे. शिवाय सॉफ्टवेअर औष्णिक समतोल (सगळीकडे एकच तापमान लागू असणे) गृहीत धरते, पण विसर्गनलिकेत, म्हणजे दिव्याच्या वायू भरलेल्या नळीत, तो नसतो, त्यामुळे इतर रेषांच्या उंचीवरही फार विसंबू नये.

तुलनेसाठी छायाचित्र घेताना दिवा सुरू करून काही मिनिटे थांबावे. सुरुवातीचा लालसर प्रकाश सोडियमचा नसून दिव्यात भरलेल्या निऑनचा असतो.